जास्तीचे एकशे एकसष्ट पौंड

सोमवार, १४ ऑक्टोबर २०१९

वजन जास्त भरलं!

तीन हजार तीनशे एक्क्याण्णव पौंड. हवं होतं तीन हजार दोनशे तीस. टाकी रिकामी, फरशी सपाट, चारही चाकांखाली वजनाच्या पाट्या. तीनदा मोजलं, तीनदा तेच.

सकाळपासून ऑर्व टॅकेटच्या गॅरेजमध्ये होतो, टोलेडोबाहेर. गेल्या वर्षी त्याने ही गाडी एका गोदामातून उचलली. १९६३ ची. कारखान्याने त्या हिवाळ्यात शर्यतीसाठी मोजक्याच हलक्या गाड्या केल्या, त्यांतली असावी. पुढचे पत्रे ॲल्युमिनियमचे, काचा पातळ, रेडिओ नाही, हीटर नाही. पण नंबराची पाटी कुठल्याही गाडीवर ठोकता येते, पत्रेही नवे घडवता येतात. म्हणून जुन्या शर्यती गाड्यांची नोंद ठेवणारा आमचा क्लब शेवटी मला पाठवून वजन बघतो. पंधरा पौंडांची सूट. ही एकशे एकसष्टने जड!

ऑर्व म्हणाला, “तुझे काटे म्हातारे झालेत, व्हर्न. तुझ्यासारखेच.”

अहवाल शुक्रवारी दुपारी बारापर्यंत द्यायचाय.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

काटे बदलले. क्लबचे दुसरे आणले. तेच!

मग शोधाशोध. ॲल्युमिनियमच्या जागी कुणी लोखंड बसवलंय का, म्हणून लोहचुंबक फिरवला. कुठेही नको तिथे चिकटला नाही. दारं ठोकून पाहिली, मागच्या डिकीत आरसा घालून पाहिलं. शर्यतवाले कुठे शिसं लपवतात ते मला बावीस वर्षांत पाठ झालंय. तिथे काही नाही.

जास्तीचं सगळं डाव्या बाजूला आहे. चालकाच्या.

“खुर्चीत भरलं असेल काहीतरी,” ऑर्व म्हणाला आणि बोल्ट काढून त्याने खुर्चीच बाहेर ठेवली. खुर्चीचे एकोणीस पौंड कमी झाले. एकशे एकसष्ट तिथेच. पत्र्यावर फक्त चार भोकं होती, आणि त्यांच्यावर — काही नाही.

दुपारी इरीन नाजीचा फोन. ती रोज करते. गाडी मूळची तिच्या भावाची, गेझाची. पासष्ट साली कुणीतरी तक्रार केली की गेझाची गाडी बनावट आहे, साध्या गाडीला हलके पत्रे लावलेत. त्याचे कागद सापडले नाहीत. शर्यतीच्या मैदानावरच्या विजेत्यांच्या फलकावरून त्याचं नाव पुसलं. पुढच्या वर्षी तो व्हिएतनामला गेला. परत आला नाही.

“चोर म्हणाले हो त्याला,” इरीन म्हणाली. “एकोणऐंशी वर्षांची आहे मी. फलकावर नाव पुन्हा दिसलं ना, की बास.”

तुमच्या भावाची गाडी जड भरतेय, हे सांगायचं धैर्य झालं नाही. “काम चालू आहे,” म्हटलं.

बुधवार, १६ ऑक्टोबर

खुर्ची परत बसवली. काटा चालू करून कॉफी पीत बसलो होतो. जास्तीचा आकडा हलताना दिसला.

एकशे एकसष्ट. बासष्ट. एकसष्ट. साठ. एकसष्ट.

ऑर्वने कॉम्प्रेसर बंद केला. पंखा बंद केला. शेवटी दिवेसुद्धा. बाहेर रस्त्यावर एकही ट्रक नव्हता. आकडा वर जात होता, खाली येत होता, सावकाश, एकसारखा. मी घड्याळ लावलं. मिनिटाला पंधरा वेळा.

 ऑर्वने विचारलं — “व्हर्न, झोपलेला माणूस मिनिटाला किती श्वास घेतो रे?”

मी म्हटलं, “वायर सैल असेल.”

वायर सैल नव्हती.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

इरीन स्वतःच आली! गाडी चालवत, एकटी, भलंमोठं भांडं घेऊन. कोबीच्या पानांत भरलेला खिमा, वर आंबट साय. ऑर्वला म्हणाली, “खा रे पोरा, नुसता वाऱ्यावर जगतोस का?” ऑर्व एकसष्टचा आहे आणि दोन माणसांएवढा.

“गेझा असाच जगायचा,” ती म्हणाली. “शर्यतीच्या दिवशी घास घ्यायचा नाही. बूटसुद्धा काढायचा. मोजे घालून गाडी हाकायचा, वेडा! ‘पाव पौंड वाचतो, इरीन.’ आई रडायची. एकशे एकसष्टच्या वर एक पौंड वाढू दिला नाही त्याने स्वतःला.”

ऑर्वने तोंडाशी नेलेला घास खाली ठेवला. तिला आम्ही आकडा सांगितलेला नाही. दोघांनीही नाही.

मग मी सांगितलं. गाडी किती जड भरतेय, कुठल्या बाजूला, सगळं. उद्या हेच लिहावं लागेल, हेही. मला वाटलं रडेल. ती उठून गाडीपाशी गेली, उजवं दार उघडलं आणि चालकाच्या रिकाम्या खुर्चीला झापायला लागली! हंगेरियनमध्ये. मोठ्या बहिणीचा तो सूर कुठल्याही भाषेत कळतो. पाचेक मिनिटं. मग दार आपटलं.

“काय म्हणालात?” मी विचारलं.

“सगळं. त्याची शवपेटी आम्ही रिकामीच पुरली, ठाऊक आहे? बाबांना आणि काकांना उचलताना जड झाल्याचं नाटक करावं लागलं. लोक बघत होते ना. तेही सांगितलं.” डोळे पुसले. “ऐकतोय कुठला! कधी ऐकलं त्याने माझं?”

ती तरातरा गेली. भांडं इथेच राहिलं. आकडा पाहवेना, मी काटा बंद केला.

घरी येऊन अहवाल लिहिला. वजन ३३९१. नियमात बसत नाही. नोंद नाकारावी. बावीस वर्षांत असा हात जड झाला नव्हता.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

पाठवण्याआधी एकदा मोजू म्हणून सकाळी गेलो. काटा चालू केला.

३२३०.

चारदा मोजलं. दुसऱ्या काट्यांवर मोजलं. ३२३०! डावी बाजू बोटभर वर आलीय, डोळ्यांना दिसते. आकडा दगडासारखा स्थिर.

“काटेच बिघडले होते,” ऑर्व म्हणाला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, मी त्याच्याकडे नाही. गाडीजवळ मात्र तो आज बुधवारनंतर पहिल्यांदाच मोकळा उभा राहिला.

जुना अहवाल फाडला. नवा अकरा चाळीसला पाठवला. संध्याकाळी क्लबचं उत्तर — गाडी अस्सल, नोंद मंजूर. नाव फलकावर परत लागेल.

इरीनला तीनदा फोन केला. उचलत नाही.

शनिवार, १९ ऑक्टोबर

इरीनचा फोन आला. बातमी ऐकून “बरं झालं” इतकंच म्हणाली. मग तिने विचारलं — नव्या गाड्यांमध्ये शेजारच्या खुर्चीत कुणी पट्टा न लावता बसलं की घंटी वाजते, ती बिघडते का कधी? परवा तुमच्याकडून निघाल्यापासून वाजत होती. खुर्चीवर पर्ससुद्धा नव्हती. निम्म्या वाटेत तिने गाडी कडेला घेतली आणि हात लांब करून त्या खुर्चीचा पट्टा लावला. मग घंटी थांबली.