बाब अल बहरीनचा फोटो

गुदैबिया, मनामा

सौ. काशीवहिनींना नमस्कार,

सकाळी तुमच्या श्रेयाचा फोन आला तेव्हा परीक्षित अंघोळीला गेला होता. "काकू, बाबा गेले. दादाला तूच सांग," म्हणाली. सांगते म्हटलं. तो बाहेर आला तो उड्या मारतच. "यल्ला, निघूया आई, आज तुला अख्खं मनामा दाखवतो!" आणि माझ्या तोंडून निघालं, "चल."

समुद्र दाखवला, काचेच्या इमारती दाखवल्या. बाब अल बहरीनच्या कमानीखाली उभं करून फोटो काढला. मी हसले हो, वहिनी. तो फोटो त्याने लगेच भावोजींना पाठवला. "काका खूश होतील बघ." त्यांचा फोन आज तुमच्याच उशाशी असेल.

मग बाजारातल्या देवळात नेलं. गुडघे दुखतात सांगून मी बाहेरच थांबले. पण सुतक त्यालाही होतंच ना? त्याला जाऊ दिलं. प्रसाद घेऊन आला, तो तसाच पर्समध्ये पडलाय.

कळलं तर मिळेल त्या विमानाने निघेल, नवी नोकरी जाईल, असं दिवसभर घोकत होते. खोटं आहे ते. भावोजींनी वाढवलेल्या माझ्याच लेकाबरोबर मला एक दिवस हवा होता.

आता जेवायला हाक मारतोय. जेवू दे, मग सांगते.

सवयीने वर तुमच्या नावाआधी 'सौ.' लिहून गेले. ते खोडल्याशिवाय पत्र टाकता येणार नाही, आणि खोडायला हात धजत नाही.

तुमची धाकटी जाऊ,
सुनीता