फळीवर पाय

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळून पंधरवडा होऊन गेला. काल भाचीनं फोनवर लिहून मला दटावलं, की मामा, आई रोज टपालाची पेटी उघडून बघते आणि काही न बोलता आत येते. ‘काही न बोलता’ हे तिनं मुद्दाम लिहिलं असणार. हातांनी बोलणाऱ्या तुमच्या घरात थट्टेला कधी तोटा नव्हता. उशीर एवढ्यासाठी झाला, की तू मला एकच गोष्ट विचारली होतीस, या नव्या कामातही पडद्यावरचे हात तुटतात का. खात्री झाल्याशिवाय त्याचं उत्तर लिहायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

काम एका मोठ्या रुग्णालयाचं आहे. आत शिरलं की लांबलचक दालन, बाकांच्या रांगा आणि समोरच्या भिंतीवर नऊ पडदे, तीन ओळींत तीन-तीन. नऊ मिळून एकच चित्र दिसतं. कुणी कोणत्या खिडकीवर जायचं, कोणत्या तपासणीला उपाशीपोटी यायचं, हे तिथं आवाजात, अक्षरांत आणि हातांच्या भाषेत सांगायचं आहे. हातांनी सांगणारी बाई भिंतभर दिसणार आहे. त्यामुळे तिनं हात उचलला, की तो या पडद्यावरून त्या पडद्यावर जाणारच.

तुला बसस्थानकावरची ती पडद्यांची भिंत आठवत असेल. आठवत असेल म्हणजे काय, तू ती विसरलेलीच नाहीस. तुझं चित्रण तिथं लागलं तेव्हा तू शाळेतल्या मुलांना घेऊन बघायला गेली होतीस. चित्रणात तू ‘थांबा’ म्हणून हात वर केलास, तर भिंतीवर तुझं मनगट खाली आणि तळवा भलतीकडेच. मुलांनी तुटक्या हाताची नक्कल केली, तूही त्यांच्याबरोबर हसलीस. घरी आल्यावर मात्र दाराला कडी लावून तू मला हातांनी म्हणालीस, “त्यांनी माझी जीभ कापून भिंतीवर लावली.” त्यानंतर कॅमेऱ्यासमोर तू उभी राहिली नाहीस.

असं का होतं ते आता नीट सांगता येतं. पडदा चित्र एका झटक्यात दाखवत नाही. वरून खाली एकेक ओळ रंगवत जातो, आणि हे सेकंदाला साठ वेळा नव्यानं करतो. प्रत्येकाचं घड्याळ त्याचं त्याचं. एका कारखान्यातले, एकाच दिवशी खोक्यातून काढलेले दोन पडदेसुद्धा केसभर पुढेमागे चालतात. एक नवं चित्र रंगवायला घेतो तेव्हा शेजारचा आधीचंच संपवत असतो. स्थिर फोटोत ते कळत नाही. हात झपकन हलला, की लगेच कळतं.

हे टाळायला आम्ही पहिल्या पडद्याच्या घड्याळाचा ठेका तारेनं दुसऱ्याला दिला, दुसऱ्याचा तिसऱ्याला, अशी माळ नवव्यापर्यंत नेली. सगळीकडे असंच करतात. मग चाचणीसाठी एक उभी पांढरी पट्टी भिंतीवरून वेगानं सरकवली. ती जिन्यासारखी पायरीपायरीनं मोडली. माझा जोडीदार, ज्याला आम्ही सगळे ‘घाई’ म्हणतो, तो म्हणाला की देवमाणसा, डोळा मिटायलासुद्धा यापेक्षा जास्त वेळ लागतो, आता हत्यारांची पेटी आवर. व्यवस्थापक बाईंनाही दालन लवकर खुलं करायचं होतं, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं, माणसं बाहेर जिन्यावर बसत होती. मी त्यांच्याकडे दोन दिवस मागितले. त्यांनी दिले, वर विचारलं, की तुम्ही तारा लावता तेव्हा पुटपुटता काय. देवाचं नाव, म्हटलं. त्या म्हणाल्या, मग त्यालाही जरा लवकर आटपायला सांगा.

त्या दुपारी शिडीवर बसलो असताना मला आपली घरातली प्रार्थना आठवली. तू बाबांच्या हाताकडे बघून टाळी वाजवायचीस, मी तुझ्याकडे बघून. तुझी टाळी जराशी मागे पडायची, माझी त्याहून मागे, आणि आत्या पदराआड हसायची. मग एके संध्याकाळी तू माझं मुंडकं धरून फिरवलंस, माझे डोळे मिटलेस आणि माझा अनवाणी पाय फळीवर दाबलास. त्या लांब लाकडी फळीवर बाबा टाचेनं ठेका धरायचे, तो पायातून थेट वर चढला. बघून केलं की उशीरच होतो, हे तू मला त्या दिवशी शिकवलंस. तुला काहीही ऐकू येत नव्हतं, आणि ठेका घरात सगळ्यांत आधी तुलाच कळला होता.

माळेतला प्रत्येक पडदा शेजाऱ्याकडे बघूनच ठेका धरत होता, म्हणून मी माळ तोडली. ठेका देणारी एक वेगळी पेटी मधोमध बसवली आणि तिच्यापासून नऊ सारख्या लांबीच्या तारा नऊ पडद्यांना दिल्या. आता कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. पट्टी सोडली, ती या टोकापासून त्या टोकापर्यंत ताठ गेली. ‘घाई’नं तिला तीन वेळा परत पाठवलं, आणि माझी हत्यारांची पेटी त्यानंच आवरून दिली.

मग हातांची चाचणी. त्यासाठी मी तुझं बसस्थानकाचंच चित्रण लावलं. ते मी जपून ठेवलं होतं. रागवायचं असेल तर भेटल्यावर रागव. ताई, तुझे हात अखंड आहेत. बोटांच्या टोकांपर्यंत. दालन अजून खुलं नव्हतं, तरी बाहेरच्या जिन्यावरून आत येऊन एक म्हातारी बाई बाकावर मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. आजूबाजूला काय चाललंय याच्याशी तिला काही देणंघेणं दिसत नव्हतं. तू भिंतीवरून नमस्कार करून ‘काळजी करू नका’ म्हणालीस, तशी तिनं पिशवी खाली ठेवली, कारण तिला दोन्ही हात हवे होते, आणि तुला उत्तर दिलं. काय, ते मला पुरतं कळलं नाही, तुझ्याइतके भरभर हात होते. शेवटचं तेवढं समजलं. तिनं विचारलं, ‘तू उद्या असशील का?’

हे पत्र त्यासाठी आहे. मी तिला हो म्हणून आलोय. उद्या जुन्या चित्रणावर निभावेल, पण तपासण्यांची आणि खिडक्यांची माहिती नव्यानं सांगायला हवी. व्यवस्थापक बाई दुसरं कुणी शोधणार होत्या, मी त्यांना थांबायला सांगितलंय. ये. आधी पट्टी बघ, मग स्वतःला बघ, आणि एक बोट जरी तुटलेलं दिसलं तर माझ्यादेखत मागे फिर. पण तसं होणार नाही. मी फळी टाकून ठेवली आहे, तू फक्त पाय ठेव.

तुझाच,
तू ज्याचं नाव हातांनी सांगताना अजून नाक पुसल्याची खूण करतेस तो