चहाच्या डब्यातले चार बॅज

ता. २४ मार्च

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर बघून घाबरू नकोस, डाव्या हाताने लिहितेय. ९ तारखेला कामावर तापलेल्या पाइपला उजवा हात लागला. तेव्हा काहीच वाटलं नाही. मग आठवड्याभराने बोटं लाल झाली, खाजायला लागली, आणि आता अंगठ्यावर आणि शेजारच्या बोटावर फोड आलेत. कंपनीच्या डॉक्टरांनी मलम दिलंय. ९ एप्रिलला साहेबांसमोर कागदावर सही करायची, की हात पाइपने भाजला. मग भरपगारी रजा. भिंगरी कधी एका जागी बसत नाही म्हणतेस ना, आता बसलेय बघ.

बाबांना यातलं काही बोलू नकोस. माया पातळ होऊ देऊ नकोस, एवढंच मागणं.

तुझी,
भिंगरी

ता. २८ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. चुलीशी जन्म गेला माझा, आणि भाजल्याच्या थापा मलाच मारतेस? तापलेलं लोखंड लागलं की माणूस तिथल्या तिथे बोंब मारतं. सवडीने आठ दिवसांनी लाल होणारं भाजणं मी एकदाच पाहिलंय, तेही माझ्याच अंगावर. छातीतली गाठ काढल्यावर दवाखान्यात पंचवीस दिवस किरणांच्या मशीनखाली झोपत होते. पहिले दोन आठवडे काही म्हणजे काही नाही. मशीनवरच्या पोरीला मी विचारलंसुद्धा, की बाई, बटण दाबायला विसरतेस की काय. मग कातडी लाल झाली, खाजली, काळवंडली, सोलून निघाली. तेव्हा तिनेच सांगितलं, की किरणं मारतात ती खाली, जिथे नवी कातडी तयार होते तिथे. वरची जुनी झिजून जाते, खालून नवी वर येत नाही, तेव्हा कुठे माणसाला कळतं.

तू पाइपांच्या जोडांचे फोटो काढतेस ते किरणांनीच ना? पोलादाच्या आरपार जाणारी ती किरणं तुझ्या बोटांची काय भीड ठेवणार? खरं काय झालं ते लिही. आणि रडत लिहू नकोस, शाई फुटते, मला आधीच कमी दिसतं.

आशीर्वाद आहेतच, पण उत्तर आल्याशिवाय पुढचे मिळणार नाहीत.

आजी

ता. ३१ मार्च

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

हरले. ऐक. आमच्या जड पेटीत करंगळीच्या नखाएवढी गोळी असते, किरणं तीच सोडते. दांडा फिरवला की ती नळीतून जोडापाशी जाते, फोटो झाला की परत पेटीत. त्या दिवशी ती परत आलीच नाही, नळीच्या तोंडाशी अडकली. दिसत नाही, वास नाही, ऊब नाही. मी नळीचं तोंड चिमटीत धरून पुढच्या जोडावर चिकटपट्टीने बसवत होते. दोन मिनिटं, फार तर तीन. पुढच्या फोटोसाठी दांडा फिरवला तेव्हा कळलं, मग ती पेटीत ओढून घेतली. किरणं असली की ओरडणारं यंत्र होतं, पण त्याची बॅटरी उतरलेली.

किती किरणं लागली ते मोजणारा बॅज छातीवर लावायचा असतो. आम्हा चौघांचे बॅज शेडमधल्या चहाच्या डब्यात असतात. आकडा वाढला की घरी बसवतात, म्हणून. मुकादमच सकाळी डबा पुढे करतो. आता साहेब म्हणतात, बॅज कोरा आहे, म्हणजे किरणं लागलीच नाहीत. खरं सांगितलं तर चौघांच्या नोकऱ्या जातील. आमच्यातल्या थोरल्याला तीन मुलं आहेत.

खोलीतली मैत्रीण तिचा पेला वेगळा ठेवते. आणि एक विचारते, हसू नकोस. मला पुढे मूल होईल ना?

तुझ्या रागातही जागा असू दे मला.

भिंगरी

ता. ४ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

हसले नाही. मशीनवरची ती पोर आता तिथली मोठी बाई झालीय. तिच्या दारात जाऊन बसले, उठायला सांगितलं तरी उठले नाही, शेवटी बोलली. तुझ्या मैत्रिणीला सांग, गोळी पेटीत गेली, तुझ्या हातात राहिली नाही. तुझ्यापासून तिला काही लागत नाही, पेला कुठे का ठेवेना. बोटांचं मात्र मलमाने भागायचं नाही. आतल्या बारीक रक्तवाहिन्या बंद होत जातात, जखम भरल्यासारखी वाटते आणि पुन्हा उघडते. किरणांच्या जखमा ओळखणारा डॉक्टर हवा, आणि लवकर हवा.

मुलाचं ती छातीठोक सांगेना. हाताला भरपूर लागलंय, पण पोटाला किती पोचलं ते मोजल्याशिवाय बोलायचं नाही म्हणाली. आणि ते रक्तावरून मोजता येतं. किरणांनी पेशींच्या आतले धागे तुटतात आणि भलत्याच ठिकाणी जुळतात, ते मोजून अंदाज काढतात. बॅज लागत नाही त्याला.

आता माझं ऐक. मला बरं करायचं होतं, तरी अंगावर शाईच्या रेघा मारून, मोजून मापून किरणं दिली. तुला कोण बरं करत होतं, की मोजायचीही गरज वाटली नाही? बॅज डब्यात ठेवून तुम्ही चहापत्तीची काळजी घेतलीत, शाबास. ती चूक तुझी, तीही सांग. मुकादमाने डबा पुढे केला, तेही सांग. थोरल्याला तीन मुलं आहेत ना, मग त्याचं रक्त नको का तपासायला? सही केलीस तर कागदोपत्री तू भाजलेली. बोट सडलं तरी भाजल्याचंच मलम लावत बसशील. भीती वाटली तरी चालेल, सही करायची नाही.

जेवत जा. जेवलेल्या माणसाला भांडता येतं.

आजी

ता. १६ एप्रिल

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

सही केली नाही. साहेब म्हणाले, बॅज काढून ठेवलास म्हणून तुलाच शिक्षा होईल. मी म्हटलं, करा, पण आधी रक्त तपासायला पाठवा. मुकादम छताकडे बघत होता. मी बसल्यावर थोरला उठला आणि म्हणाला, की त्याचाही बॅज डब्यातच असतो, पाच वर्षं. मग तिसराही बोलला. चौथा बोललाच नाही, आता माझ्याशीही बोलत नाही.

तिघांचं रक्त मोठ्या दवाखान्यात गेलंय, धागे मोजायला वेळ लागेल. माझ्या पांढऱ्या पेशी थोड्या उतरल्या होत्या, आता सावरतायत. अंगाला फार लागलं नसावं, असं डॉक्टर म्हणतात, पण शब्द देत नाहीत. अंगठ्याशेजारच्या बोटाचं पुढचं पेर मात्र काळं पडलंय. येत्या शुक्रवारी काढणार. आणि मला घरी बसवलंय, बिनपगारी.

आजी, मला भीती वाटते. तू असशील तर कमी वाटेल.

भिंगरी

ता. १९ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

बुधवारी येते. बाबालाही सांगितलंय, तो रडला, त्याला घरीच ठेवतेय.

ऑपरेशनआधी घरच्यांची सही घेतात, ती मी करीन. पण त्या फॉर्मवर पेर कशामुळे काढावं लागलं, असा एक रकाना असतो. तो आधी वाचून दाखवायला लावीन. भाजल्यामुळे असं लिहिलं असेल तर खोडायला लावीन. किरणांमुळे असं लिहा, तारीख घाला, कंपनीचं नाव घाला, मग पेन द्या. डॉक्टर थांबले तरी चालतील, मला घाई नाही.

तोवर हात उंच ठेव, मानही.

तुझी,
आजी