मावशीच्या भोपळ्याचं बी

मंगळवार. तारीख विचारू नकोस, खालच्या न्हाव्याच्या दुकानातलं कॅलेंडर अजून मागच्याच महिन्यावर आहे.

ताई,

तू बरी असशील, भाऊजी बरे असतील, दोन्ही पोरं एकमेकांच्या झिंज्या उपटत असतील असं धरून चालतो. मी बरा आहे. बुटाचा तळ सुटला होता, तो मीच शिवला. टाके वाकडे आलेत, पण पाणी आत येत नाही. हे मी बागेतच शिकलो. रविवारच्या वर्गात फक्त भाजीच लावायला शिकवतात असं नाही. भांडी धुतलेलं पाणी कुठे न्यायचं, फुटक्या बादलीचं काय करायचं, गांडुळांना काय घालायचं आणि काय नाही, सगळं येतं. गांडुळांना कांद्याची सालं आवडत नाहीत. माणसांपेक्षा त्यांचे नखरे जास्त.

भरकटलो. मावशी म्हणायची, याला दुकानात पाठवलं तर हा गाव बघून येईल आणि मीठ विसरेल.

मी तिच्याकडे दोन रात्रींसाठी उतरलो होतो, ते तुला माहीत आहे. पुढे कुठे जायचं ते ठरलं नव्हतं, म्हणून राहिलो. सकाळी ती शिवणयंत्रावर बसायची, दुपारनंतर मला बागेत ढकलायची. दोन इमारतींमध्ये जिथे आधी छापखाना होता ती जागा. माती नव्हतीच तिथे, विटांचे तुकडे आणि काचा. ड्रम कापून त्यात माती भरायचं तिनेच सुरू केलं. तिथे तिला सगळे 'मास्तरीण' म्हणायचे. तोंडावरसुद्धा. तिला आवडायचं. नाक उडवायची, पण आवडायचं.

आणि तू तिला म्हणायचीस, "आई, म्हातारपणी चिखलात काय खेळतेस." तेही तिने मला सांगितलं होतं. रागाने नाही. जरा रागाने.

आता तुझ्या परवाच्या फोनबद्दल. तू म्हणालीस, भोपळ्याचा वेल गॅलरीच्या गजांवर चढलाय, फुलं आलीत, पोरं रोज उठून बघतात. मी म्हणालो, उपटून टाक. तू विचारलंस, का? मी म्हणालो, त्या जातीला कीड लागते. तू म्हणालीस, "लागू दे. हाताने एकेक वेचीन. आईच्या हातचं बी आहे. जिवंत होती तेव्हा तिच्या मातीला नावं ठेवली मी." आणि रडायला लागलीस. मग मी पावसापाण्याचं काहीतरी बोललो आणि फोन ठेवला.

कीड नाही, ताई. तो भोपळा खायचा नाहीये. तुम्ही कुणीच खायचा नाही, पोरांनी तर चाटायचासुद्धा नाही.

मावशी साथीने गेली नाही.

हे लिहून मी उठलो होतो. खाली जाऊन आलो. न्हावी म्हणाला, काय रे, भूत बघितलंस का. परत बसलो.

मागच्या मोसमात बागेच्या रस्त्याकडच्या कुंपणावर शोभेचे भोपळे चढवले होते. छोटे, पट्ट्यापट्ट्यांचे, नुसते बघायचे. कुंपण छान दिसायचं, लोक थांबून फोटो काढायचे. मावशीचा खायचा वेल त्याच्या शेजारीच. मधमाशीला कुठे कळतं कुणाचं फूल कुठलं. त्या वर्षीचे मावशीचे भोपळे नेहमीसारखे लागले, फरक फक्त बियांत पडला होता. तिने त्यातला सगळ्यात सरळ, देखणा भोपळा बियांसाठी वेलावर वाळवला. बी काढलं, पुड्या बांधल्या, वर्गात वाटल्या. तिच्या कपाटात उरलेली पुडी तू दिवसकार्याला आलीस तेव्हा उचललीस. मी बघत होतो. तेव्हाच बोलायला हवं होतं, पण तू ती पुडी ब्लाऊजमध्ये ठेवलीस, मग मला बोलवेना.

यंदा तिने तेच बी लावलं. पहिल्या भोपळ्याचं सूप केलं, दोन वाट्या भरल्या. मी एक चमचा तोंडात घातला आणि मोरीत थुंकलो.

"मावशी, विष आहे हे."

"बाहेरचं खाऊन खाऊन जीभ नासलीय तुझी."

"अगं कडू जहर आहे! फेकून दे."

"फेकून दे म्हणे. दर रविवारी सगळ्यांसमोर मी काय सांगते? घरात आलेलं काही फेकायचं नाही. आणि माझाच भोपळा मी फेकू? कडू म्हणजे औषधी. गप बस."

तिने तिची वाटी संपवली. नाक मुरडत, पण संपवली. मग माझी ओढली.

ताई, तिने माझी वाटीपण प्यायली. मी हसत होतो. म्हणालो, मास्तरीणबाई, तुम्हाला पदक द्यायला पाहिजे. आणि फिरायला गेलो.

संध्याकाळी आलो तर ती मोरीच्या दारात पडलेली. उलट्या, जुलाब, त्यात रक्त. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय खाल्लं होतं? मावशी म्हणाली, "रोजचंच." मी बाहेर गाठून खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, कडू भोपळ्याने होतं असं, आणि त्यावर उतारा नाही. सलाईन लावायचं आणि वाट बघायची. तरुण माणूस निघतो त्यातून, हिचं वय आहे.

दुसऱ्या दिवशी जरा शुद्धीवर होती तेव्हा माझं मनगट धरून म्हणाली, "तिला साथ म्हणून सांग. नाहीतर म्हणेल, चिखलाने मारलं." त्या दुखण्यातच ती गेली. मी तेच तुला सांगितलं.

बागेतल्यांनाही तेच सोयीचं होतं. पंपवाले काका बागेचा कारभार बघतात. ते म्हणाले, "बोभाटा झाला तर बागेला कुलूप लागेल. कितीतरी घरांत इथली भाजी शिजते. तुझं काय, तू आज इथे, उद्या आणखी कुठे." खरं बोलले. म्हणून जास्त लागलं. मी म्हणालो, पुड्या परत आल्याशिवाय मी कुठेही जात नाही. आता घरोघर फिरतोय. काही जण पुडी देतात, काही दारातूनच म्हणतात, मास्तरणीचं बी आम्ही नाही देणार. एका आजीने तर लावलेलासुद्धा आहे. तिला कसं समजवायचं याचा विचार करताना तू आठवलीस. आजीला सांगतो आणि तुला नाही?

तुझ्याकडे तिचं तेवढंच उरलंय हे मला कळतं. तेच मी उपटायला सांगतोय. पण फुलामागे भोपळा धरला की तो भाजीजोगा व्हायला फार दिवस लागत नाहीत, आणि तुझी धाकटी हाताला लागेल ते चावते.

फोनवर मी परत पावसापाण्यावर जाईन, म्हणून हे पत्र सकाळच्या बसच्या कंडक्टरकडे देतोय, संध्याकाळी तुझ्या हातात पडेल. वाचलंस की पोरं झोपायची वाट बघू नकोस. त्यांच्यासमोरच मुळासकट काढ, नाहीतर ती विचारत बसतील आणि तू खोटं सांगशील, माझ्यासारखं. उरलेलं बी चुलीत घाल. मातीत पुरू नकोस, उगवेल.

तिच्यावर रागावायचं असेल तर रागाव. माझ्यावर तर रागावच. पण वेल काढल्यावर. काढलास एवढं कळव, भाऊजींकडून कळवलंस तरी चालेल.

तिने सांगू नकोस म्हटलेलं सांगून बसलेला,
तुझा भाऊ