गच्चीहून उंच

रविवार, संध्याकाळ. कळसूबाईच्या पायथ्याचं गाव.

चढले! महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, आन् मी पेडगावची, जिच्या गावात उंच म्हणजे पाण्याची टाकी. पाय अजून थरथरायलेत, पण हसू आवरंना.

निघताना थोरल्या जाऊबाई म्हणल्या होत्या, "गच्चीवर पापड वाळू घालायला गेलीस तरी दम लागतो तुला." दिवसभर तेच टोचत राहिलं. दम लागलाच की! लोखंडी शिडीच्या मधोमध तर मी बसूनच घेतलं. खाली बघवंना. संगं आलेली लेक म्हणली, "आई, उतरायचं का?" उतरले असते का मी? काय माहीत. पण ती गच्ची आठवली आन् उठले.

वर असा वारा, की पदर खोचूनबी राहीना. देवीची ओटी भरली आन् तिथूनच घरी फोन लावला. नेमका जाऊबाईंनीच उचलला. "कुठवर गेलीस गं?"

"आता पुढं चढायला काही उरलंच न्हाई," म्हणलं.

मग जाऊबाईच हळूच म्हणल्या, "पुढच्या खेपेला मला नेशील का?"

नेते की, म्हणलं. पण तोवर गच्चीवर पापड तुमीच न्यायचे.