खिशाचं बटण

५ मार्च २०२५, राखेचा बुधवार
कपाळाला राख लावून आले. ही वही मागच्या वर्षीच्या हिशेबाची, निम्मी कोरी राहिली होती. वाया कशाला घालवा.
योगाच्या क्लासला हंसाताईंनी अपरिग्रह शिकवला. साठवायचं नाही, धरून ठेवायचं नाही. म्हणाल्या, ऋतू बघा, झाड जुनं पान धरून बसतं का? आमच्या मागच्या बदामाने खरंच सगळी लाल पानं टाकलीत. झाडते मी.
ठरवलं. उपवासकाळात मटण-मासळी सगळेच सोडतात. मी ऑस्करच्या वस्तू सोडणार. दर ऋतूला थोड्या. आमचे ऑस्कर जाऊन जुलैत वर्ष होईल. तोवर घर मोकळं, मन मोकळं. अवघड काही नाही.

११ मार्च
चष्मा चर्चच्या दानपेटीत टाकला. हलकं वाटलं.

१२ मार्च
चष्मा परत आणला. भलत्या नंबरने कोणाचे डोळे बिघडले तर पाप मला. वैराग्याला विवेक लागतो.

३० मार्च
छत्री काढली होती. ठेवली. पावसाळा अडीच महिन्यांवर आलाय.

२४ एप्रिल, ईस्टरनंतरचा गुरुवार
आज झालं. जुने कपडे घेऊन स्टील देणारी भांडीवाली ओट्यावर आली. ऑस्करचे सहा शर्ट, तीन पँटी दिल्या. खुंटीवरचा निळ्या चौकड्यांचासुद्धा. ती म्हणाली, ताई, याच्या खिशाला बटण नाय, काखेत रफू हाय, हा मी धरत नाय. म्हटलं, तो धर, नाहीतर कोणताच देत नाही. धरला. पाच लिटरचा टोप मिळाला. झाकणासाठी अर्धा तास घासाघीस.
डोळ्यांत पाणी आलं नाही. मुद्दाम लिहून ठेवते.

२८ एप्रिल
हंसाताईंना सांगितलं. म्हणाल्या, म्हणजे अपरिग्रहात टोप घेतलात? म्हटलं, झाकणासकट.
येता-जाता खुंटीकडे नजर जाते. भिंतीचा रंग उडालाय, तो बघते.

१२ जुलै
ऑस्करच्या वर्षाची मिस्सा झाली. फादरांनी नाव नीट घेतलं. येताना आगाशीला बस बदलली. ऑस्कर तिथेच पडले होते, स्टॉपवरच्या बाकाजवळ. मी त्या बाजूला बघत नाही. आज बघितलं.
बाकाजवळ निळ्या चौकड्यांचा शर्ट पाठमोरा उभा. तेच खांदे, डावा जरा खाली. पाऊस पडत होता. बस आली, शर्ट चढला, गेला. हाक मारली नाही. छत्री हातात होती, ती उघडायची राहिली.
भीती वाटली नाही. दान सत्कारणी लागलेलं बघून समाधान झालं. ताप आहे, एकशे एक.

१५ जुलै
लिहून टाकते, म्हणजे सुटेल.
त्या दिवशी सकाळी ऑस्करनी तो शर्ट पुढे केला. म्हणाले, खिशाचं बटण निघालंय, लावतेस? बटण माझ्या डबीत होतं. हात पिठाचे होते. म्हटलं, उद्या लावते. ते दुसरा शर्ट घालून गेले. अकराला स्टॉपवरून कोणाचा तरी फोन आला.
बटण अजून डबीत आहे. निळं, चार भोकांचं.
लिहिलं. सुटलं.

४ ऑगस्ट
शर्ट सापडला. आगाशीच्या बाजारात केळ्यांची गाडी लावतो, पांडू नाव, अर्नाळ्याचा. घड टांगायला त्याने हात वर केला तेव्हा काखेत बघून घेतलं. रफू दिसला नाही. धुऊन धुऊन एकजीव झाला असेल, माझा हात बारीक होता. खिशाला बटण नाही. एवढं पुरे.
नुसतं बघायचं, ओढ ठेवायची नाही. नुसतं उभं राहणं बरं दिसेना म्हणून डझनभर केळी घेतली.

२९ ऑगस्ट
केळी, दीड डझन. पाठमोरा असला की ऑस्कर, वळला की पांडू. म्हणून मी मागच्या गल्लीतून जाते.

१६ सप्टेंबर
मुलगी आली, रोवेना, मीरारोडहून. फ्रिजवर केळी, खिडकीत केळी, टोपात केळी. म्हणाली, मम्मी, होलसेल चालू केलंस काय? म्हटलं, डॉक्टर सांगतात खायला. म्हणाली, कुठला डॉक्टर? जेवताना म्हणाली, डॅडींच्या खुंटीकडे काय बघतेस सारखी? म्हटलं, रंग काढायचाय.

९ ऑक्टोबर
ऊन कडक पडलं. केळी सोलून पत्र्यावर वाळत घातली, सुकेळीला. याला साठवणं म्हणत नाहीत. ही नासाडी टाळणं.
क्लासला हंसाताई म्हणाल्या, मॅग्डलीनबाई, शवासनात मूठ सोडा. सोडली. बटण घरंगळत त्यांच्या चटईपर्यंत गेलं. म्हटलं, माझ्या गाऊनचं आहे.

१८ ऑक्टोबर
सुई-दोरा घेऊनच गेले. पांडूला म्हटलं, खिशाला बटण लावून देते. म्हणाला, मावशी, माझ्या खिशातून पडायला आहे काय? म्हटलं, गप उभा राहा. शर्ट कुठून घेतला विचारलं. म्हणाला, बायकोनं आनला, विरार स्टेशनसमोरून, कोरा. बायका नवऱ्यांना तसंच सांगतात.
अंगावरच शिवायला घेतलं. म्हणाला, रोज केळी नेता, घरात मानसं किती? म्हटलं, दोन. मग म्हटलं, एक. त्याने सहा केळी वर टाकली, पैसे घेतले नाहीत.
दोरा दाताने तोडला. शर्टाला केळ्यांचा वास होता. बटण मात्र शोभलं.
आता मी पूर्ण मोकळी. हंसाताईंना सोमवारी सांगणार.

२ नोव्हेंबर, मृतांचा स्मृतिदिन
कबरीवर झेंडू घातले. ऑस्करना सांगितलं, बटण लावलं बरं का. मेणबत्ती दोनदा विझली. वारा नव्हता. मागच्या वर्षीचा तुकडा होता, वात ओली झाली असणार. तिसऱ्यांदा लावायला काडी उरली नाही.

६ नोव्हेंबर
भांडीवाली आली. टोपली उतरवली, डोक्यावरची चुंबळ काढून ओट्यावर ठेवली. निळ्या चौकड्या.
उलगडली. शर्ट. काखेत पांढऱ्या दोऱ्याचा रफू. माझा.
म्हणाली, बाकीचे तेव्हाच गेले, ताई. याला कोण हात लावीना, बटण नाय ना. मग मीच डोक्यावर घेऊन फिरते. तुमच्या गल्लीतून चारदा गेले असेन.
टोप देऊन शर्ट घेतला. ती झाकणही मागायला लागली. दिलं.
दोनदा धुतला. टोपलीचं वर्तुळ पाठीवरून जात नाही. भांड्यांचा वास येतो. खुंटीवर टांगलाय, डावा खांदा जरा खाली राहतो.
निळं बटण पांडूच्या खिशाला. दिलेलं परत मागणं अपरिग्रहात बसत नाही. डबीत एक पांढरं आहे, थोडं मोठं. चालेल. सुईत दोरा ओवून ठेवलाय.
उद्या लावते.