गप्प आहे ती आधी

आई, आज भाऊबीज झाली. तबकातलं निरांजन विझलंय, आणि तुझ्याशी बोलायचं इतकी वर्षं टाळलं ते आता टळत नाही.

संयुक्त महाराष्ट्रासाठी लालबाग पेटलं होतं. त्या दुपारी रस्त्यावर गोळीबाराचा आवाज आला, सगळी चाळ गॅलरीत धावली आणि कठडा मोडला. आपली धाकटी आणि शेजारची तिची मैत्रीण, दोघी खाली चौकात पडल्या. तू गिरणीच्या दवाखान्यात आया होतीस. डॉक्टर येईपर्यंत जखमी पोरांना तूच बघायचीस. तशीच त्या दिवशी तू गुडघ्यावर बसली आहेस. हाक मारतेस, छातीला कान लावतेस, अंगठ्याचं नख दाबून सोडतेस आणि गुलाबी रंग परत येतो का ते पाहतेस. शेजारचीचं नख पांढरंच राहतं. आपलीच्या पायातून रक्त वाहतंय, तिच्या रडण्यानं चाळ दणाणतेय. एकच टॅक्सीवाला तयार झालाय, आणि मागे फळीवर निजवलेलं एकच पोर मावणार आहे.

"आपलीला आधी ने!" मी ओरडलो.

तू मान वर केली नाहीस. "काल शिवाजी पार्कात काय गर्जत होतास? सगळी पोरं आपली ना? मग उचल फळी. रडते तिचा श्वास चालू आहे. गप्प आहे ती आधी."

"आई, मला पण ने ना गं."

"थांब गो बाय, गाडी परत येतेय."

गाडी परत आली तेव्हा धाकटीही गप्प झाली होती. पायाचं रक्त सगळ्यांना दिसलं. पोटातलं कुणाला दिसणार? त्यानंतर कितीतरी दिवस स्टोव्हवर चहा उतू जायचा आणि तू समोर बसून स्वतःचंच नख दाबून बघत असायचीस. मी जाहीर सभांतून सरकारला जाब विचारत फिरलो. घरात तुझ्याशी मात्र धड बोललो नाही.

शेजारची वाचली. पहिल्या भाऊबीजेला तूच तिला माझ्या पाटासमोर उभं केलंस. तेव्हापासून ती येते. आता केस पिकलेत, तोंड मात्र अखंड चालू. आज ओवाळताना मध्येच गप्प झाली. मी तिचा हात ओढला आणि नख दाबलं.

"आहे रे दादा, अजून आहे," ती हसली.

तू केलंस ते बरोबर होतं. हजारोंपुढे हे मी ठासून सांगेन. पण आई, डोळे मिटले की मी फळीवर अजून आपलीलाच ठेवतो.